गुत्तेदार गायब, मिस्त्री दारात: घर बांधणाऱ्याने कोणाचे पैसे द्यायचे अन कोणाचे नाही

वास्तुशांतीला आठ दिवस राहिले होते. पत्रिका वाटून झालेल्या, आचाऱ्याला इसार दिलेला, आणि सकाळी साडेसातला गेट उघडलं तर फरशीवाला मिस्त्री अन त्याचे दोन बिगारी पोर्चमधे पाय पसरून बसलेले. "मालक, अडतीस हजार राहिलेत आमचे. गुत्तेदार चार दिवस झाले फोन उचलना. घर तुमचं, फरशी तुमच्या घरात, मग पैसे बी तुमीच द्या." मी गुत्तेदाराला (ठेकेदाराला) तोवर जवळपास सगळं देऊन बसलेलो, शेवटचा ९० हजाराचा हप्ता तेवढा हातात होता. दुपारी सेंट्रिंगवाला (स्लॅबखालच्या प्लेटा अन टेकू लावणारा) आला, त्याचे ५२ हजार. संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानातून पोरगं बिल घेऊन आलं, १ लाख १४ हजार, अन बिलावर गुत्तेदाराच्या नावाखाली आमचं आडनाव आणि 'साईट औसा रोड' असं लिहिलेलं.

हे लातूरचं, २०२२ चं. तेव्हापासून पाहुण्यारावळ्यात कोणी पण घर काढलं की मला फोन येतो, "तुमचं ते लफडं झालतं ना, आता आम्ही काय काळजी घ्यावी?" प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून काढतोय. मी वकील नाही, शाळेत मास्तर आहे, पण या एका विषयात वकिलाच्या ऑफिसात इतक्या चकरा झाल्यात की पोटापुरतं कळायला लागलंय. प्रकरण कोर्टात गेलंच तर वकील करा, त्याला पर्याय नाही.

आधी मुद्द्याचं

तुम्ही व्यवहार केला गुत्तेदाराशी. गुत्तेदाराने व्यवहार केला फरशीवाल्याशी, वायरमनशी, दुकानदाराशी. आपला करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याचा साधा हिशोब असा की ज्याने ज्याच्याशी ठरवलं त्याने त्याला द्यायचं. म्हणजे गुत्तेदाराने फरशीवाल्याला बुडवलं तर फरशीवाल्याने गुत्तेदाराच्या मागं लागायचं, तुमच्या नाही. तुम्ही गुत्तेदाराला ठरल्याप्रमाणे दिलंय ना, मग झालं.

पण हे वाचून निवांत होऊ नका. हे देणं तुमच्या घरात शिरायला चार-पाच दारं आहेत आणि ती बहुतेक आपणच उघडून ठेवतो. एक, माल तुमच्या नावावर उधार निघाला. दोन, तुम्ही किंवा घरातलं कोणी "मी देतो" म्हणलं. तीन, गुत्तेदार म्हणजे तुमचाच माणूस असं दुकानदाराला तुमच्या वागण्यावरून वाटलं. चार, मजुरीचा कायदा. पाच, कोर्टाची ऑर्डर. पुढं ज्या पायऱ्या सांगतोय त्या सगळ्या ही दारं लावून घ्यायच्याच आहेत.

एक गैरसमज इथंच काढून टाकतो. आमचा एक भाचा कॅलिफोर्नियात असतो, तो फोनवर म्हणला, "मामा, सब-काँट्रॅक्टर तुमच्या घरावर लीन टाकेल, घर विकता येणार नाही." ते तिकडचं खरंय. अमेरिकेत मेकॅनिक्स लीन नावाचा प्रकार आहे, मुख्य काँट्रॅक्टरला तुम्ही पूर्ण पैसे दिले असले तरी ज्याला मिळाले नाहीत तो प्लंबर किंवा सामानवाला थेट तुमच्या घरावर बोजा नोंदवू शकतो, आणि मालकाला तेच पैसे दुसऱ्यांदा द्यायची वेळ येते. कॅलिफोर्नियात त्यासाठी त्या माणसाने काम सुरू केल्यापासून साधारण २० दिवसात मालकाला आगाऊ नोटीस द्यावी लागते. आपल्याकडं असा बोजा नाही. फरशीवाला तलाठ्याकडं जाऊन तुमच्या सातबाऱ्यावर किंवा सिटी सर्व्हे ऑफिसात मालमत्तापत्रकावर आपलं नाव चढवू शकत नाही. यूट्यूबवर तिकडचे व्हिडिओ बघून आपल्याकडची माणसं घाबरतात, आणि दारात आलेला पण कोणाचं तरी ऐकून "घरावर बोजा टाकीन" म्हणून दम देतो, म्हणून सांगितलं.

पायरी १: गुत्तं कसलं दिलंय ते आधी ओळखा

आपल्याकडं दोन प्रकार. एक लेबर रेट, म्हणजे सिमेंट, सळई, वाळू, विटा सगळं तुम्ही आणायचं, गुत्तेदाराची फक्त माणसं. दुसरा मटेरियलसह, स्क्वेअर फुटाला अमुक रुपये, चावी हातात.

लेबर रेटमधे मालाची उधारी तुमचीच. तुम्ही मिस्त्रीला "जा, दुकानातून वीस गोण्या घेऊन ये, माझ्या नावावर लिही" म्हणून पाठवलं की तो तुमचा माणूस झाला, त्याने वीसच्या पंचवीस आणल्या तरी दुकानदार तुमच्याकडंच बोट दाखवणार, आणि कायदा पण बऱ्यापैकी त्याच्याच बाजूने, कारण तुम्हीच त्याला तसं वाटू दिलं. मटेरियलसह असेल तर माल गुत्तेदाराचा, उधारी गुत्तेदाराची. घोळ होतो तो मधल्या प्रकारात. ठरलेलं असतं मटेरियलसह, पण अर्ध्या कामात गुत्तेदार म्हणतो, "मालक, माझा हात जरा आखडलाय, तुमच्या ओळखीच्या दुकानाला फोन करा ना, सळई तेवढी उचलू." आपण फोन करतो, "याला माल द्या, मी आहे." संपलं. ते 'मी आहे' म्हणजे जामीन. करार कायद्याच्या कलम १२६ मधे जामीन तोंडी असला तरी चालतो, कागदच पाहिजे असं नाही. हे मला माहीत असतं तर बरेच पैसे वाचले असते.

पायरी २: लिखापढी, पाहुणा असला तरी

गुत्तेदार बायकोच्या चुलत्याचा साडू असेल तरी लिहून घ्या, उलट तसला असेल तर आधी घ्या. १०० च्या बाँडचे दिवस गेले, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात किमान ५०० चा लागतो, कामाची रक्कम मोठी असेल तर ड्युटी वाढते, ते वकिलाला किंवा स्टॅम्प वेंडरला विचारून घ्या.

करारात रेट, नकाशा, मुदत, सिमेंटची कंपनी हे सगळेच लिहितात. आपल्या विषयापुरती ही चार वाक्यं घाला, मी आमच्या वकिलाकडून घेतलेली साध्या भाषेत देतोय:

"या कामासाठी लागणारे मजूर, मिस्त्री, पेटी गुत्तेदार (गुत्तेदाराने ज्यांना कामाचा भाग दिला ते) आणि माल पुरवणारे यांचे पैसे देण्याची संपूर्ण जबाबदारी गुत्तेदाराची राहील. मालकाच्या नावावर उधारीने माल घेण्याचा अधिकार गुत्तेदाराला नाही."

"प्रत्येक हप्ता मागताना गुत्तेदार त्या टप्प्यावर काम केलेल्या सर्वांची नावे, मोबाईल नंबर, दिलेली व बाकी रक्कम यांची सहीची यादी देईल."

"कोणाची बाकी राहिल्याचे दिसल्यास मालक गुत्तेदाराला लेखी कळवून ७ दिवसांनंतर ती रक्कम परस्पर देऊ शकेल आणि ती गुत्तेदाराच्या हप्त्यातून वजा होईल."

"एकूण रकमेच्या ५ टक्के रक्कम काम पूर्ण झाल्यानंतर ६ महिने मालकाकडे राहील."

तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, का ते पायरी ६ मधे कळेल. गुत्तेदार पाच टक्क्यावर कुरकुर करतो, तीनवर या, पण शून्यावर येऊ नका.

आणि हो, सहा महिन्याने शोधून पण सापडणार नाहीत अशी माणसं असतात ही, म्हणून आधार कार्डाची झेरॉक्स, गावाकडचा पत्ता, बँक खातं, जीएसटी असेल तर नंबर, हे घेऊन ठेवा. आमच्या गुत्तेदाराचा मला फक्त मोबाईल नंबर अन बुलेटचा नंबर माहीत होता.

पायरी ३: काम पुढं, पैसा मागं

हे उलटं झालं की तुम्ही अडकलात. गुत्तेदार म्हणतो आधी उचल द्या, मजूर आणायचेत, ते एका मर्यादेत ठीक आहे, पण बऱ्याच गुत्तेदारांचं गणित असं असतं की तुमच्या उचलीतून आधीच्या साईटची बाकी भागवायची अन तुमची बाकी पुढच्या साईटच्या उचलीतून. टोपी फिरत राहते. पुढची साईट मिळाली नाही किंवा पावसाने काम थांबलं की टोपी जिच्या हातात ती साईट मेली. ती आमची होती. गुत्तेदार बदमाशच होता असं मी आजही म्हणणार नाही, त्याला औशाकडच्या एका कामाचे पैसे मिळाले नव्हते, पण त्याचा भुर्दंड आम्हाला.

टप्पे मोजता येतील असे ठेवा: जोतं, स्लॅब, वीटकाम, आतला गिलावा, बाहेरचा गिलावा, फरशी, फिटिंग, रंग. 'काम ५० टक्के झाल्यावर' असलं काही लिहू नका, ५० टक्के कोण मोजणार. बँकेचं कर्ज असेल तर बँकेचा इंजिनिअर टप्पा बघूनच पैसे सोडतो, त्याचे टप्पे आणि तुमचे टप्पे एकच ठेवा, नाहीतर बँक पैसे सोडीना आणि गुत्तेदार काम करीना.

पैसे खात्यावरच द्या. एका व्यवहाराचे २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात तसंही चालत नाही. बंगला मोठा असेल आणि एका वर्षात गुत्तेदाराला ५० लाखावर दिले तर तुम्हाला त्यातून २ टक्के टीडीएस कापून भरावा लागतो, ते सीएला विचारा, आमच्यासारख्यांना तो प्रश्न येत नाही. सह्या केलेला कोरा चेक 'सिक्युरिटी' म्हणून कोणाला देऊ नका, ना गुत्तेदाराला ना दुकानदाराला. तो बाउन्स झाला तर ३० दिवसात नोटीस, १५ दिवसात पैसे, नाहीतर फौजदारी केस, आणि तिथं 'मूळ देणं माझं नव्हतं' हे तुम्हालाच पटवून द्यावं लागतं.

पायरी ४: साईटवरची वही

एक शंभर पानी वही. तारीख, कोण कामावर होतं, कोणता माल आला, कोणी आणला. रोज दोन ओळी. मी हे केलं नाही, माझ्या मेहुण्याने परभणीला केलं, अन त्याच्याकडं पण गुत्तेदाराने प्लंबरचे पैसे थकवले तेव्हा ती वही काढून त्याने प्लंबरला दाखवलं की तू सतराच दिवस आलायस, सत्तावीस कशाचे मागतोस. गुत्तेदार नसताना माणसं आकडे फुगवून सांगतात, सगळीच नाही पण सांगतात.

दर टप्प्याला त्या माणसांशी स्वतः बोला. चहा पाजा अन सहज विचारा, "गुत्तेदाराने दिले का रे पैसे?" मिस्त्री लाजत नाही, लगेच सांगतो. "दिले थोडे" म्हणला की समजायचं दिले नाहीत.

आता चलनाबद्दल, म्हणजे मालाबरोबर येणाऱ्या पावतीबद्दल, कारण आमचं बोट इथंच कापलं. हार्डवेअरचा टेम्पो येतो, ड्रायव्हर चलन बुक पुढं करतो, खाली लिहिलेलं असतं 'माल घेणाऱ्याची सही'. गुत्तेदार नसतो, घरचं कोणी तरी सही मारतं. आमच्या अण्णांनी दोन चलनांवर अशा सह्या केलेल्या, एक पीव्हीसी पाइपचं अन एक वायरच्या बंडलांचं, दोन्ही मिळून ३१ हजाराचा माल. नुसती पोच म्हणजे विकत घेणं नाही, पण चलनावर नाव आमचं, सही आमची, अन गुत्तेदाराची कुठंच नाही. दुकानदाराच्या वकिलाने नोटिशीत तीच दोन चलनं जोडली. म्हणून घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: सही करायचीच असेल तर आधी 'गुत्तेदार अमुक यांच्या मालाची फक्त पोच' असं हाताने लिहायचं, मग सही. ड्रायव्हर चिडतो, चिडू द्या.

आणि काम सुरू होतानाच जवळच्या दोन-तीन दुकानांना व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाका: "माझ्या साईटचं काम अमुक गुत्तेदाराला मटेरियलसह दिलं आहे. त्यांना दिलेल्या उधार मालाची जबाबदारी माझी नाही." दुकानदाराला वाईट वाटत नाही, त्याला उलट कळतं की उधारी जपून द्यायची. निळी टिक आली की स्क्रीनशॉट काढून ठेवा.

सेंट्रिंगचं वेगळं सांगतो

सेंट्रिंगच्या प्लेटा अन टेकू सेंट्रिंगवाल्याच्या मालकीचे असतात, गुत्तेदाराच्या नाही, तुमच्या तर नाहीच. गुत्तेदार पळाला म्हणून प्लेटा अडवून ठेवल्या तर उलट तुमच्यावरच तक्रार होईल. पण त्याच्याहून मोठी भीती दुसरी आहे. पैसे मिळेना म्हणलं की तो चिडून आपलं सामान वेळेआधी काढून न्यायला येतो. आपल्या बांधकामाच्या मानकात, म्हणजे आयएस ४५६ मधे, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवायला सांगितलंय, बीमखाली तर १४ ते २१. आमच्या गल्लीत एका घरी पाचव्या दिवशी टेम्पो घेऊन दोघं आले होते. मालकाने तिथल्या तिथं स्लॅबच्या हप्त्यातले सेंट्रिंगचे पैसे गुत्तेदाराला फोनवर सांगून परस्पर त्याच्या खात्यावर टाकले अन टेम्पो परत पाठवला. बरोबर केलं. किल्लारीचा भूकंप ज्यांनी बघितलाय त्यांना स्लॅबचं गांभीर्य मी सांगायची गरज नाही. तर स्लॅबचा हप्ता देताना सेंट्रिंगवाल्याचा हिशोब त्याच दिवशी, समोरासमोर.

पायरी ५: माणूस दारात आला तर

पहिली गोष्ट, त्याला हाकलू नका. त्याचे कष्टाचे पैसे बुडालेत, आणि तुमच्या घरातली फरशी खरंच त्याने घातलीय. पाणी द्या, बसवा, नाव, नंबर, किती दिवस काम केलं, रोज किती ठरलेला, गुत्तेदाराने किती दिले, हे सगळं त्याच्यासमोर लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, तोंड सांभाळा. आमच्या अण्णांनी फरशीवाल्याला काय म्हणावं? "जाऊ द्या मिस्त्री, घरात कार्य आहे, मी बघतो तुमचं." माणूस म्हणून बरोबरच बोलले ते. पण मिस्त्रीच्या फोनमधे ते रेकॉर्ड झालं. काम सगळं संपल्यावर असं बोललात तर वाद घालायला जागा राहते, पण तुमच्या शब्दावर विसंबून त्याने राहिलेली स्कर्टिंग (भिंतीच्या बुडाची फरशीची पट्टी) पूर्ण केली तर तो जामीन पक्का धरला जाण्याची शक्यता जास्त. त्याने स्कर्टिंग केली.

मग म्हणायचं काय? हे म्हणा: "तुमचा हिशोब मी लिहून घेतला. माझ्याकडं गुत्तेदाराचे जेवढे बाकी आहेत त्यातून, त्याची लेखी परवानगी मिळाली तर, देता येतील का ते बघतो. त्याच्या पलीकडं माझी जबाबदारी नाही." लांबलचक वाटतं, पण दोनदा आरशासमोर म्हणून बघा, जमतं.

दमदाटी झाली, गेट अडवलं, फरशी उखडायची भाषा झाली तर तो वेगळा विषय. एकदा बसवलेली फरशी, भिंतीत गेलेली वायर तुमच्या घराचा भाग झाली, ती उखडून न्यायचा हक्क त्याला नाही. धमकी देणं अन वाट अडवणं भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, ११२ ला फोन लावा. पण वास्तुशांतीच्या तोंडावर पोलीस बोलवायची वेळ येऊ नये हे खरं. पोलिसात तो गेला तर बहुतेक वेळा 'हे दिवाणी आहे' म्हणून दोघांना बसवून समजूत काढतात. बोलावलं तर जा, वही अन बँकेचं स्टेटमेंट घेऊन जा, पण तिथं कोणी "निम्मे तुम्ही द्या" म्हणून पुढं केलेल्या कागदावर घाईत सही करू नका.

ग्रिलवाल्याचं मात्र उलटं आहे. ग्रिल अजून त्याच्याच वेल्डिंगच्या दुकानात पडलेली असेल तर पैसे मिळेपर्यंत तो ती अडवून ठेवू शकतो, तो हक्क कायद्याने त्याला आहे. म्हणून ग्रिल, दारं, फर्निचर साईटवर आल्याशिवाय त्याचा हप्ता सोडू नका.

पायरी ६: द्यायचेच ठरले तर असे द्या

इथं बरेच जण दुहेरी मरतात. दया येऊन मिस्त्रीला ३८ हजार देतात, गुत्तेदार महिन्याने उगवतो अन म्हणतो, "तुम्ही त्याला का दिले? मी त्याचं काम खराब म्हणून कापले होते. माझे पूर्ण ९० द्या." आणि तो बरोबर असतो! तुमचं देणं गुत्तेदाराला होतं, त्याला न विचारता तिसऱ्याला दिलं म्हणून ते फिटत नाही. म्हणूनच पायरी २ मधलं ते ७ दिवसाचं वाक्य. ते करारात नसेल तर गुत्तेदाराकडून मेसेजवर का होईना लिहून घ्या. आमचा गुत्तेदार अकराव्या फोनला सापडला, त्याच्या बायकोच्या नंबरवर. मी भांडलो नाही, म्हणलं एवढाच मेसेज टाका: "माझ्या ९० हजार बाकीतून फरशीवाल्याला ३८ हजार अन सेंट्रिंगवाल्याला ५२ हजार परस्पर द्यावेत, माझा हिशोब पूर्ण झाला." त्याला पण बरंच झालं, दोन फोन कमी. दोघांना ऑनलाइन टाकले, अन दोघांकडून हे लिहून घेतलं:

"अमुक ठिकाणच्या घराच्या फरशीच्या कामाचे गुत्तेदार अमुक यांच्याकडून येणे असलेले रु. ३८,००० त्यांच्या वतीने मालकाकडून आज मिळाले. या कामापोटी आता गुत्तेदार वा मालक कोणाकडूनही माझे काही येणे नाही."

'त्यांच्या वतीने' हे शब्द सोडू नका, नाहीतर तुम्हीच मूळ देणेकरी होता असा अर्थ निघतो. अंगठा असेल तर शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या.

आणि हातात गुत्तेदाराची जेवढी बाकी आहे तेवढ्यावरच थांबा. त्याच्यावर एक रुपया देणार असाल तर ती मदत समजून द्या अन पावतीवर तसंच लिहा.

मजुरांच्या मजुरीचं

पेटी गुत्तेदार अन दुकानदार यांच्यापेक्षा रोजंदारीच्या मजुराला कायदा जास्त जपतो. नवीन मजुरी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय, तिच्या कलम ४३ मधे आहे की मजुरी देणाऱ्याने दिली नाही तर ज्याची आस्थापना (म्हणजे कामधंद्याची जागा) त्याने ती द्यायची. स्वतःला राहायचं घर म्हणजे आस्थापना नाही असं म्हणता येतं, पण खाली चार गाळे काढून भाड्याने द्यायचेत, हॉस्पिटल बांधताय, मंगल कार्यालय बांधताय तर ही जबाबदारी अंगावर येऊ शकते हे धरूनच चाला. तसल्या कामात मजुरांचा पगार तुमच्या माणसासमोर वाटला गेला पाहिजे. मजूर पडला, लागला तर काय हा वेगळा अन मोठा विषय, एवढंच सांगतो की गुत्तेदाराला मजुरांचा विमा काढायला लावा अन त्याची कॉपी घ्या.

पायरी ७: नोटीस आली तर

वकिलाची नोटीस आली की घरात सुतक पडल्यासारखं होतं. होऊ देऊ नका. नोटीस म्हणजे निकाल नव्हे. पण उत्तर द्यायचंच, १५ दिवस दिले असतील तर त्याच्या आत. त्यात हमखास एक वाक्य असतं, की आमच्या कामाचा फायदा तुम्ही उपभोगताय म्हणून करार कायदा कलम ७० प्रमाणे पैसे द्या. ते कलम खरंय, पण त्या माणसाचा गुत्तेदाराशी स्वतंत्र करार होता आणि तुम्ही गुत्तेदाराला पैसे चुकते केलेत हे दाखवलं की त्याची धार बरीच जाते. उत्तरात करार, बँकेचं स्टेटमेंट अन तो दुकानांना टाकलेला मेसेज जोडा.

एक कागद मात्र कधीच पाठीमागं टाकू नका: कोर्टाचा. दुकानदाराने गुत्तेदारावर दावा जिंकला आणि कोर्टाला सांगितलं की या मालकाकडं गुत्तेदाराचे पैसे बाकी आहेत, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ४६-अ खाली कोर्ट तुम्हाला ते पैसे कोर्टात भरायला सांगू शकतं. तो कागद मिळाल्यावर पण तुम्ही गुत्तेदाराला दिलेत तर दुसऱ्यांदा भरावे लागतील. हेच एक ठिकाण जिथं चुपचाप बसणं खरंच महागात पडतं.

आमच्या हार्डवेअरवाल्याने १ लाख १४ हजार मागितले. वकील म्हणले, लढू, दोन चलनं सोडली तर त्यांच्याकडं काही नाही. मी विचारलं किती दिवस, ते नुसते हसले. शेवटी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व अर्ज टाकून लोकअदालतीत ३१ हजारावर मिटवलं, कोर्ट फी नाही काही नाही. तिथं फुकट सल्ल्यासाठी १५१०० हा नंबर पण आहे. काही जण म्हणतात मी घाबरलो. असेल. बाकीच्या ८३ हजारासाठी तो अजून गुत्तेदाराला शोधतोय.

पायरी ८: गुत्तेदाराकडून वसुली

तुम्हाला बसलेला भुर्दंड गुत्तेदाराकडून मागता येतो. घर बांधून देणं ही सेवा आहे, ग्राहक कायद्यात बसते, सुप्रीम कोर्टाने १९९३ मधेच लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात तसं सांगितलंय. तुम्ही दिलेली रक्कम ५० लाखापर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखापर्यंत फी काहीच नाही, ५० लाखापर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये, मुदत २ वर्षं. रेराचं (बिल्डरांच्या प्रकल्पांच्या कायद्याचं) नाव काढू नका, स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी बांधलेलं घर त्यात येत नाही. गुत्तेदाराच्या नावावर काही नसेल तर हुकूमनामा फ्रेम करून लावण्यापुरताच, हे पण खरं.

मुदतीचं शेवटचं: कामाचे किंवा मालाचे पैसे मागायला साधारण ३ वर्षं असतात. त्या तीन वर्षात कोणी सहज म्हणून मेसेज टाकला, "साहेब आपली ती बाकी लक्षात आहे ना", तर 'हो देतो' असं उत्तर लिहू नका. देणं लेखी कबूल केलं की मुदत त्या तारखेपासून पुन्हा नव्याने सुरू होते. फोन उचला, बोला, पण लिहू नका.